शैलीचा निवाडा : डु बॉइस यांचा हार्वर्डमधील पहिला निबंध

१

महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याने लेखनाच्या वर्गात लिहिलेला इंग्रजी निबंध हा साहित्यसमीक्षेचा विषय सहसा मानला जात नाही. तो तपासावयाचा असतो, वाचावयाचा नसतो, अशी एक समजूत आहे. आणि ज्या वर्गात तो लिहिला जातो त्या वर्गाची गणना शिक्षणशास्त्राच्या प्रांतात होते. वस्तुतः आशय आणि अभिव्यक्ती यांच्या नात्याचा जो प्रश्न आपल्या समीक्षेने ‘घाट’, ‘रूप’, ‘लय’ अशा संज्ञांच्या आधारे वर्षानुवर्षे चर्चिला, तो या वर्गात दर आठवड्याला व्यवहारात सोडवला जातो. आशय आणि अभिव्यक्ती अविभाज्य आहेत असे म्हणून समीक्षक थांबू शकतो. निबंध तपासणाऱ्याला मात्र श्रेणी द्यावी लागते, आणि ती देताना त्याने या दोहोंची फाळणी केलेलीच असते.

ज्याच्या निबंधावर ही फाळणी झाली त्याने पुढे तिच्याविषयी काय लिहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस (१८६८–१९६३) यांनी हार्वर्डमधील आपल्या पहिल्या लेखनवर्गाची आठवण उतारवयात लिहिली. १९६० मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स रिव्ह्यू’ या नियतकालिकातील लेखात ती आली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही ती आहे. मजकूर जेमतेम दोन-तीन परिच्छेदांचा आहे. कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचा इतिहास सांगणाऱ्यांच्या दृष्टीने तो किरकोळ ठरतो. परंतु लेखन शिकणे म्हणजे काय आणि त्या शिकण्याचे सिंहावलोकन म्हणजे काय, याविषयी इतके नेमके सांगणारे लेखन विरळा.

२

डु बॉइस हार्वर्डमध्ये आले ते १८८८ साली. टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ होती; तरीही हार्वर्डने त्यांना तिसऱ्या वर्षात प्रवेश दिला. त्या वेळी त्या विद्यापीठात इंग्रजी लेखनाचा प्रश्न ऐरणीवर होता. १८६९ साली अध्यक्षपदी आलेल्या चार्ल्स एलियट यांनी अभ्यासक्रम-निवडीचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांना दिले, त्यातून एकेक सक्तीचा विषय गळत गेला, आणि इंग्रजी लेखन मात्र उलट दिशेने सक्तीचे होत गेले. १८७२ साली एलियट यांनी अ‍ॅडम्स शर्मन हिल या पत्रकाराला या कामासाठी पाचारण केले. १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत छोटा इंग्रजी निबंध लिहिणे आवश्यक झाले. १८८५ साली ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला लावण्यात आला. १९०० च्या सुमारास हार्वर्डमध्ये सर्वांना सक्तीचा म्हणून जवळजवळ एवढाच अभ्यासक्रम उरला होता. अमेरिकेतील महाविद्यालयांत आजही बहुतेकांना जो पहिला लेखनवर्ग करावा लागतो, त्याचे मूळ येथे आहे.

ही सक्ती कशासाठी होती? महाविद्यालयात येणारी मुले अशुद्ध इंग्रजी लिहितात, या तक्रारीतून ती जन्मली. १८९० च्या दशकात हार्वर्डच्या पर्यवेक्षक मंडळाने नेमलेल्या समितीने या तक्रारीवर अहवाल काढले. त्यांतील एक तपशील उद्बोधक आहे. आपल्याला शाळेत इंग्रजी लेखन कसे शिकवले गेले, या विषयावर समितीने विद्यार्थ्यांकडूनच निबंध लिहवून घेतले आणि त्यांतील काही जसेच्या तसे छापले. शिक्षणाकडे मागे वळून पाहण्याचा हा उपक्रम होता. परंतु विद्यार्थी काय सांगतो यापेक्षा तो कसे लिहितो याचा पुरावा म्हणून हे निबंध प्रामुख्याने वाचले गेले. साक्षीदाराच्या साक्षीऐवजी त्याच्या उच्चारांची नोंद घ्यावी, तसा हा प्रकार होता. लेखनवर्गातील सिंहावलोकनाला हा दोष जन्मतःच चिकटलेला आहे.

डु बॉइस आपली आठवण याच वातावरणाच्या वर्णनाने सुरू करतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांच्या वाईट इंग्रजीवरून वाद पेटलेला असताना आपण नकळत तेथे जाऊन पोहोचलो, असे ते म्हणतात. बॅरेट वेंडेल यांच्यासारखे चोखंदळ विद्वान हार्वर्डमध्ये आले होते. पश्चिमेकडील बोलभाषा आणि दक्षिणेकडील हेल यांच्याविषयी न्यू इंग्लंडचा प्रदेश हळवा झाला होता. इतर विषय निवडता येत, इंग्रजी तेवढे टळत नसे. म्हणजे स्वतःचे अपयश सांगण्यापूर्वी ते त्या अपयशाची कसोटी कोठून आली ते सांगतात. ‘शुद्ध’ इंग्रजी ही एका प्रदेशाची आणि एका वर्गाची भाषा आहे हे ते कोठेही प्रतिपादन करीत नाहीत. पण हेल आणि व्याकरणाचे अज्ञान ही दोन्ही एकाच यादीत ठेवून न्यू इंग्लंडची ती सरमिसळ ते वाचकासमोर मांडतात.

३

घटना थोडक्यात अशी. पहिला निबंध द्यावयाचा होता त्याच सुमारास अलाबामाचे सिनेटर मॉर्गन यांनी एका प्रतिष्ठित मासिकात कृष्णवर्णीयांवर जहरी हल्ला चढवला होता. वीस-एकवीस वर्षांच्या डु बॉइस यांनी निबंधात त्यांचा हातचे काही न राखता समाचार घेतला. निबंध परत आला तो ‘ई’ ही श्रेणी घेऊन, म्हणजे अनुत्तीर्ण. तोवरच्या विद्यार्थिदशेत असे अपयश त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी इंग्रजीवर मेहनत घेतली आणि सत्र संपेपर्यंत ‘सी’ श्रेणीपर्यंत मजल मारली.

आता या आठवणीची संहिता पाहू. आपल्या पहिल्या निबंधात काय उणे होते हे सांगताना डु बॉइस तीन गोष्टींची नावे घेतात : व्याकरणाची अचूकता, शब्दांची अभिरुची आणि शैलीतला संयम. एका दमात सांगितलेल्या या तीन गोष्टी एका जातीच्या नाहीत. व्याकरणाला नियम असतात. ते मोडले की मोडले हे दाखवता येते. अभिरुचीला नियम नसतात, वर्तुळे असतात. त्या वर्तुळात वाढलेल्याला ती कळते, बाहेरच्याला ती चुका करीत शिकावी लागते. आणि संयम हा तर भाषेचा गुणच नव्हे; तो बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो, यांच्यातील अंतराचा गुण आहे. सिनेटरने ज्याच्या समाजाला शिवीगाळ केलेली नाही त्याला संयम फुकट मिळतो, आणि ज्याला केली आहे त्याला तो विकत घ्यावा लागतो. तांबड्या शाईचा ‘ई’ या तिन्ही उणिवांना एकच नाव देतो.

व्याकरण आपल्याला बऱ्यापैकी येत होते आणि शब्दसंग्रहही मोठा होता, असे डु बॉइस त्याच ठिकाणी नमूद करतात. मग ‘ई’ कशासाठी? ते उत्तर देत नाहीत. आपण त्या वेळी कडवट, संतप्त आणि असंयत होतो एवढेच सांगतात. याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की श्रेणीतला मोठा वाटा व्याकरणाचा नसून रागाचा होता.

येथे त्यांच्या आठवणीतील मध्यवर्ती विधान येते. आपले इंग्रजी तांत्रिक दृष्ट्या जोखताना शिक्षक न्यायाने वागले याविषयी आपल्याला शंका नव्हती, जरी त्यांना कृष्णवर्णीयांचा प्रश्न कळलेला नसला तरी, असा त्या विधानाचा आशय आहे. या वाक्याची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. प्रधान वाक्यात मान्यता आहे आणि गौण वाक्यात आरोप. व्याकरणाच्या दृष्टीने मान्यतेला वजन आहे. परंतु मूळ इंग्रजी वाक्यात गौण वाक्य शेवटी येते, आणि वाचकाच्या मनात शेवटचे शब्द रेंगाळतात. बॅरेट वेंडेल यांनी १८९१ सालच्या ‘इंग्लिश कॉम्पोझिशन’ या ग्रंथात रचनेची तीन तत्त्वे सांगितली होती : एकत्व, भार आणि सुसंगती. भाराचे तत्त्व असे की महत्त्वाचे ते डोळ्यांत भरेल अशा जागी, म्हणजे विशेषतः आरंभी आणि शेवटी, ठेवावे. डु बॉइस यांनी आरोप शेवटी ठेवला आहे. हार्वर्डच्या लेखनवर्गाविषयीचा निवाडा त्यांनी त्या वर्गाच्याच तंत्राने दिला आहे.

शब्दांच्या बाबतीतही हेच. आरंभी हार्वर्डच्या विद्वानांना ‘चोखंदळ’ या अर्थाचे जे विशेषण लावले, तेच शेवटी पुन्हा येते. केवळ काटेकोर आणि चोखंदळ शब्दयोजनेतून साहित्य उभे राहत नाही, आशयापुढे शैली दुय्यमच आहे. तथापि भक्कम आशयाला शैलीची जोड मिळाली तर तो ढिसाळ वाक्यरचनेपेक्षा दूरवर पोहोचतो, असा धडा आपण घेतला, असे ते म्हणतात. शिक्षकांनी शिकवलेला धडा आणि विद्यार्थ्याने घेतलेला धडा यांतील फरक येथे स्पष्ट होतो. शिक्षकांची कसोटी शैलीच्या शुद्धतेची होती. विद्यार्थ्याने शैलीकडे वाहन म्हणून पाहिले आणि काय वाहून न्यावयाचे हा निर्णय स्वतःकडे ठेवला.

४

यानंतर डु बॉइस यांनी आपण होऊन वेंडेल यांचा ‘इंग्लिश १२’ हा वर्ग घेतला. तेथे १८९० च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःविषयी एक निबंध लिहिला. जगाला सांगण्याजोगे आपल्याजवळ काहीतरी आहे, असा आपला विश्वास कदाचित वेडगळ असेल पण प्रामाणिक आहे. आणि ते नीट सांगता यावे म्हणून आपण हा वर्ग घेतला आहे, असा त्याचा शेवट होता. पन्नास निबंधांतून वेंडेल यांनी तो निवडून वर्गात वाचून दाखवला.

हे दोन निबंध शेजारी ठेवले की एक अस्वस्थ करणारा प्रश्न पुढे येतो. पहिल्या निबंधात सिनेटर होता, दुसऱ्यात ‘मी’ आहे. पहिला अनुत्तीर्ण झाला, दुसऱ्याचे जाहीर वाचन झाले. मधल्या काळात लेखन सुधारले हे खरेच. पण विषयही बदलला होता. लेखनवर्गाला व्यक्तीची आकांक्षा आवडते, तिचे भांडण आवडत नाही. आकांक्षा व्यक्त करणारा विद्यार्थी शिक्षकाकडे काहीतरी मागत असतो, आणि देण्याचे समाधान शिक्षकाला मिळते. भांडणारा विद्यार्थी शिक्षकाला बाजू घ्यावयास लावतो. जगाला सांगण्यासारखे काय आहे हे दुसऱ्या निबंधाच्या त्या शेवटात सांगितलेलेच नाही, ही त्याच्या यशाची एक अट असावी. ते काय आहे हे पहिल्या निबंधात पुरेशा मोठ्या आवाजात सांगून झाले होते.

यावरून डु बॉइस यांनी हार मानली, आपला आवाज विकला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे; पण तो टिकणारा नाही. १९०३ सालचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे पुस्तक त्याच्या आड येते. या निबंधसंग्रहातील प्रकरणांच्या शिरोभागी काव्यपंक्ती आहेत आणि त्यांच्याखाली गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटी स्वरलिपीत छापल्या आहेत. काव्यपंक्ती बहुतांशी गोऱ्या वाचकाच्या परिचयाच्या परंपरेतल्या आहेत. सुरावटींना शब्द नाहीत आणि ज्याला त्या ऐकून माहीत नाहीत त्याला त्या केवळ खुणा वाटतात. हा घाट हार्वर्डच्या धड्याचे फलित आहे आणि त्या धड्यावरची टीकाही आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावरील प्रकरणात त्या काळच्या सर्वांत प्रबळ कृष्णवर्णीय नेत्याशी उभा दावा मांडला आहे, आणि त्यात आवाज कोठेही चढत नाही. पहिल्या निबंधात ज्या संयमाचा अभाव दोष ठरला, तो संयम येथे शस्त्र झाला आहे. ‘सी’ श्रेणी वाया गेली नव्हती.

तरीही याची किंमत काय, हे याच पुस्तकाने सांगून ठेवले आहे. त्याच्या पहिल्या प्रकरणात द्विधा जाणिवेची प्रसिद्ध संकल्पना येते : स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणे, आणि ते डोळे तुच्छतेने व कीवेने बघणाऱ्या जगाचे असणे. ही संकल्पना वंशभेदाच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिला तेथून उचलून कोणत्याही अडचणीला लावणे गैर होईल. परंतु आपले वाक्य लिहिताना ते तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी आधीच वाचण्याची सवय तिच्या लेखकाला एका विशिष्ट वर्गातही लागली होती, हे विसरता येत नाही.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लेखनवर्गाचे स्वरूप पालटले. न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० साली खुला प्रवेश सुरू केला आणि ज्यांच्या घरात महाविद्यालय कोणी पाहिले नव्हते अशी मुले त्या वर्गात येऊन बसली. मीना शॉनेसी यांनी अशा सुमारे चार हजार प्रवेशनिबंधांचा अभ्यास करून १९७७ साली ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हा ग्रंथ लिहिला. चुकांमागे तर्क असतो, हे त्याचे सूत्र. १९८५ साली डेव्हिड बार्थोलोमे यांनी दाखवले की नवा विद्यार्थी प्रत्येक निबंधात विद्यापीठाच्या चर्चाविश्वाचा जणू स्वतः शोध लावत असतो. त्यात अधिकाराने बोलता येण्याआधीच त्याला त्या अधिकाराचे सोंग आणावे लागते. स्टोनी ब्रुक येथे पीटर एल्बो व पॅट बेलानॉफ यांनी १९८० च्या दशकात एका परीक्षेऐवजी निबंधसंग्रहावरून मूल्यमापन करण्याची पद्धत रुजवली. पुढे असा संग्रह सादर करताना आपण काय शिकलो याविषयीचे सिंहावलोकनपर टिपण जोडण्याची प्रथा सर्वत्र पसरली. कॅथलीन ब्लेक यान्सी यांच्या १९९८ सालच्या ग्रंथाने तिला सैद्धांतिक बैठक दिली.

या बदलामागील सदिच्छेविषयी शंका नाही. विद्यार्थ्याला स्वतःच्या लेखनाचा वाचक करावे, हा त्यातला विचार मोलाचा आहे. परंतु टिपणाला श्रेणी मिळते, किंवा निदान श्रेणी देणारा ते वाचतो, तेव्हा त्याचा घाट ठरून जातो. पूर्वी मी अंधारात होतो, या वर्गात मला उजेड दिसला, अजून पुष्कळ वाटचाल बाकी आहे : धर्मांतराच्या कथनासारखा हा तीन पायऱ्यांचा आकृतिबंध विद्यार्थ्याला कोणी शिकवावा लागत नाही. त्याला वाचक माहीत असतो. अशा टिपणात एकच निवाडा मावतो, आणि तो वर्गाच्या बाजूचा असतो. शिक्षक न्यायाने वागले, पण त्यांना माझा प्रश्न कळला नाही, हे वाक्य तेथे लिहिता येत नाही. लिहिले तर त्याची गणना पुन्हा असंयमातच होण्याची भीती असते. डु बॉइस यांचे सिंहावलोकन ज्या दुहेरीपणामुळे खरे वाटते, नेमका तोच सक्तीच्या सिंहावलोकनात गाळला जातो. त्यांना ते वाक्य लिहिता आले तेव्हा कोणतीही श्रेणी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती.

मग वर्ग चालू असताना असे वाक्य शक्यच नाही काय? जून जॉर्डन यांच्या १९८५ सालच्या एका निबंधात या प्रश्नाचे वेगळे उत्तर आढळते. त्याही स्टोनी ब्रुक येथेच शिकवीत होत्या. १९८४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीवरील त्यांचा वर्ग आकार घेत असताना विली जॉर्डन या विद्यार्थ्याचा निःशस्त्र भाऊ ब्रुकलिनमध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. वर्गाने निषेधाचे लेखन पाठवावयाचे ठरवले आणि वाद पडला तो भाषेवरून. प्रमाण इंग्रजीत लिहिले तर ते कदाचित छापले जाईल. आपल्या इंग्रजीत लिहिले तर मृताचा अवमान होणार नाही, पण कोणी वाचणारही नाही. विद्यार्थ्यांनी परिणाम ओळखून आपली भाषा निवडली, आणि अपेक्षेप्रमाणे वृत्तपत्रांनी ते छापले नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी एका वर्गाने ‘ई’ श्रेणी जाणून-बुजून पत्करली, असे याचे वर्णन करता येईल. परंतु जॉर्डन येथे थांबत नाहीत. त्यांच्या निबंधाच्या अखेरीस स्वतः विलीने लिहिलेला निबंध येतो, आणि तो प्रमाण इंग्रजीत आहे. या दोन निवडींमध्ये त्या समेट घडवून आणत नाहीत. डु बॉइस यांनी एका वाक्यात शेजारी ठेवलेले दोन निवाडे येथे एका निबंधात शेजारी उभे आहेत.

६

मराठी वाचकाला या साऱ्यात परकेपणा वाटू नये. दलित साहित्याच्या आरंभीच्या काळात त्याच्यावर आक्रस्ताळेपणाचा, प्रचारकीपणाचा, कलात्मक संयमाच्या अभावाचा जो आक्षेप घेतला गेला, त्यातही व्याकरण, अभिरुची आणि संयम या तीन गोष्टींची अशीच सरमिसळ होती. हे साम्य केवळ योगायोगाचे नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डु बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता, आणि डु बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले होते. त्याआधी दहा वर्षे, १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांच्या नियोजित अध्यक्षीय भाषणातील काही भागाला हरकत घेतली तेव्हा त्यांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि न झालेले ते भाषण स्वतः छापले. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मंडळाची हरकत आशयाला होती आणि ती उघड होती, म्हणून तिला उघड नकार देता आला. हार्वर्डची हरकत शैलीच्या नावाने आली. तिला नकार दिला असता तर तो अडाणीपणा ठरला असता.

शैलीच्या नावाने दिलेल्या निवाड्याचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही येथेच आहेत. तो अंशतः खरा असतो. डु बॉइस यांनी त्याचा खरा अंश घेतला, त्यावर मेहनत केली आणि उरलेला अंश पुढे सात दशके स्मरणात ठेवला. हे स्मरण तक्रारीच्या सुरात येत नाही, कृतज्ञतेच्या सुरातही येत नाही. निबंध तपासणाऱ्याच्या हाती शेवटी एकच अक्षर असते, आणि त्या अक्षरात भाषा किती व राग किती हे त्याला वेगळे लिहिता येत नाही. निदान तेवढे स्वतःशी वेगळे करून पाहणे त्याच्या हाती आहे. तसे न करता तो विद्यार्थ्याकडून सिंहावलोकन मागत असेल, तर त्याला परत मिळेल ते त्याचे स्वतःचेच प्रतिबिंब, शुद्ध भाषेत लिहिलेले.